सात नंबरच्या टेबलावरची स्लाइड

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता आत्याच्या दारावरची घंटा वाजली. आत आलेल्या मुलीने बसण्याआधीच पर्समधून एक चपटी डबी काढून टेबलावर ठेवली.

"ही काल सकाळी सापडली," ती म्हणाली. "आणि जिची ही पद्धत, ती चार महिन्यांपूर्वी वारली आहे."

आत्याने चष्मा लावला. विमा कंपनीत बावीस वर्षं दावे तपासल्यावर तिने स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. येणारे सगळेच तिला आत्या म्हणत. खरं नातं एकाचंच होतं, शेजारी वही उघडून बसलेल्या भाच्याचं. भाचा चाळिशीचा, शाळेत कवायत शिकवायचं सोडून आत्याची टिपणं घ्यायला लागलेला. अंगाने भक्कम, अक्षर सुंदर, डोकं जरा निवांत.

"तू कोण, कोण वारलं आणि कुठे, या क्रमाने सांग," आत्या म्हणाली.

"मी कॉलेजात पहिल्या वर्षाला जीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. नवं सत्र सुरू झालं तेव्हा लागले, पाच आठवडे झाले. माझ्या आधी तिथे बाई होत्या. तीस वर्षं. सगळे नुसतं 'बाई'च म्हणतात. गेल्या सत्रात एका शनिवारी त्या लॅबच्या आतल्या खोलीत, सात नंबरच्या टेबलाशी गेल्या. हृदय बंद पडलं. शनिवारी एकला लॅबला कुलूप लागतं. सोमवारी उघडलं तेव्हा सापडल्या."

"मग लॅब?"

"बंदच होती, सुट्टी संपेपर्यंत. पहिल्या आठवड्यात काही नव्हतं. नंतरच्या सोमवारी सात नंबरच्या मायक्रोस्कोपखाली स्लाइड दिसली. लाल कांद्याचा पापुद्रा. पार वाळलेला, काचेला कागदासारखा चिकटलेला. वाटलं, कुणा पोराने टाकली असेल. पुढच्या सोमवारी पुन्हा. तोच पापुद्रा, पण कडेला पांढरे कण. तिसऱ्या सोमवारी चिकट, मुंग्या लागलेली. आणि काल..." तिने डबीकडे बोट दाखवलं. "काल ओली होती. आत्ता कुणी ठेवून उठावं अशी. बाई दर आठवड्याला जवळ येताहेत, आत्या. पुढच्या सोमवारी दार उघडायचं धैर्य माझ्यात नाही."

भाच्याने लिहिणं थांबवून मागच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक मामांकडे, म्हणजे लॅबच्या शिपायांकडे. दुसरी माझ्याकडे. मी सातला येते, तयारीला. मामा शनिवारी दुपारीच मुलीच्या गावी जातात, सोमवारी साडेसातच्या बसने परत येतात. म्हणून आमचे विभागप्रमुख म्हणतात की मीच स्लाइड ठेवते आणि मीच घाबरते." तिने डबी आत्याकडे सरकवली. "शनिवारी ते प्राचार्यांना पत्र देणार आहेत. मानसिक स्थिती ठीक नाही म्हणून. नोकरी जाईल ते जाईल, पण मला स्वतःलाच आता खात्री वाटत नाही, की मी ठेवत नाही."

आत्याने डबी उघडली. स्लाइड तिरकी धरली. वरची पातळ काच, कव्हरस्लिप, किंचित सरकली. तिने कडेला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, रुमालाला पुसलं. मग पुन्हा चोळलं आणि पुन्हा पुसलं.

"अजून ओली आहे की!" भाचा म्हणाला.

"आहे. कालपासून." आत्याने स्लाइड खिडकीकडे धरली. "बुडबुडे नाहीत."

"एकही नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या स्लाइडमध्ये सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे असतात. चारही वेळा अशीच स्वच्छ होती. म्हणून तर..."

"म्हणून तर बाई," आत्या म्हणाली. "उद्या येते."

*

लॅब तळमजल्याच्या टोकाला होती. बाहेरची मोठी खोली, तिच्यात वीस टेबलं. पलीकडे एक जाड दार आणि आत तयारीची खोली, बिनखिडकीची. फॉर्मालिनचा वास भिंतींत मुरला होता. बरण्यांतले बेडूक आणि मासे पांढुरके पडून काचेला टेकले होते. बाहेर पोरांचा कलकलाट चालू होता. आतल्या खोलीचं दार लोटलं तसा तो कापल्यासारखा बंद झाला.

"इथून हाक मारली तर बाहेर ऐकू यायची नाही," भाचा कुजबुजला.

"मग कुजबुजतोस कशाला?"

बाईंनी बाहेरून आत आणून घेतलेल्या सात नंबरच्या टेबलावर मायक्रोस्कोप होता, वर कापडी कव्हर. स्टूल टेबलाखाली नीट सरकवलेलं. भिंतीवर पुठ्ठा, त्यावर बाईंच्या हातच्या सूचना, अक्षर छापल्यासारखं: वही उघडली की आधी वेळ लिहा. आधी लहान भिंग. दिसेल तेच काढा, माहीत असेल ते काढू नका. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला.

भाच्याने सगळं उतरवून घेतलं.

विभागप्रमुख घाईतच आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर आठ्या.

"हे बघा, मी विज्ञानाचा माणूस आहे," ते म्हणाले. "बंद खोलीत सोमवारी सकाळी ओली स्लाइड, आणि सातला किल्ली घेऊन येणारी व्यक्ती एकच. यात तपास करण्यासारखं काय आहे?"

"बाई सापडल्या तेव्हा तुम्ही होतात?"

"पावणेआठला पोचलो. मामा बाहेर दारात उभे. बाई स्टुलाशेजारी पडलेल्या. बोटांत पेन्सिल तशीच. वही अंगाखाली. ती मी नंतर त्यांच्या भावाला दिली, आपल्याच लायब्ररीत असतात."

"आणि टेबल?"

"आरशासारखं. मायक्रोस्कोपवर कव्हर. शिस्तीची बाई हो. जातानाही पसारा ठेवला नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"शनिवार-रविवारमध्ये कधीतरी. शवविच्छेदन नको म्हणाला भाऊ. कुलूप लागण्याआधीच गेल्या असणार. मामांनी कुलूप लावताना हाका मारल्या होत्या, उत्तर आलं नाही. चौकशीत तसं नोंदवलंय."

*

बाईंचा धाकटा भाऊ लायब्ररीच्या काउंटरमागे पुस्तकांवर शिक्के मारत होता. पन्नाशीचा, किरकोळ माणूस. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तो लॅबमध्ये जाऊन सात नंबरच्या टेबलाशी बसतो, हे डबी घेऊन आलेल्या मुलीने, म्हणजे कॉलेजातल्या नव्या मॅडमनी सांगितलं होतं.

"बसतो. त्यात गुन्हा आहे का?"

"नाही," आत्या म्हणाली. "स्लाइड करता येते?"

"मला? ताई म्हणायची, तुझ्या हातात काच दिली की दोन होतात." तो हसला, आणि हसणं अर्धवट राहिलं. "आम्ही वेगवेगळे राहायचो. दर रविवारी मी तिला फोन करायचो. त्या रविवारी मात्र राहून गेला. पाहुणे होते घरी. तसा केला असता तरी उपयोग नव्हता. फोन तिच्या पर्समध्ये आणि पर्स स्टाफरूमच्या कपाटात. लॅबमध्ये फोन चालत नाही, हा तिचाच नियम."

"वही बघू?"

वही त्याच्या खणातच होती, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. शेवटच्या पानावर त्या शनिवारची तारीख, खाली 'बारा चाळीस', आणि पेन्सिलीने काढलेल्या कांद्याच्या चार पेशी, विटांसारख्या ओळीने.

"ही बाईंची चूक झालीय बहुतेक," भाचा म्हणाला. "पहिली वीट काठोकाठ भरलीय. दुसरीच्या आतल्या भागाचे कोपरे भिंतीपासून सुटलेत. तिसरीत तर मधोमध नुसता गोळा. आणि चौथी रिकामी चौकट. चारी सारख्या नकोत का?"

"ताईच्या आकृतीत चूक?" भाऊ दुखावून म्हणाला. "वह्या तपासताना पोरांच्या अर्ध्या सोडलेल्या आकृत्या ती फाडायची."

"कुणाला दाखवलीत वही?"

"कुणालाच नाही. कुणी विचारलंच नाही."

"एक दिवस माझ्याकडे राहू दे."

*

मामा लॅबच्या मागच्या मोरीवर स्लाइडी धूत होते. साठीला टेकलेले, पाठीत वाकलेले. आत्याला पाहून त्यांनी हात पुसले.

"शनिवारी एक दहाच्या बसने जातो," त्यांनी सांगितलं. "नातू आहे तिकडे. सोमवारी थेट इथेच. आणि त्या दिवशी मी हाक मारली होती. दोनदा मारली. कुलूप घालायच्या आधी."

"ते मी विचारलं नव्हतं, मामा."

मामांनी पुन्हा हात पुसले. नळ ठिबकत राहिला.

"यांना स्लाइड करायची हौस आलीय," आत्या भाच्याकडे बोट दाखवून म्हणाली. "जरा कांदा द्याल?"

भाच्याला अशी कोणतीही हौस नव्हती. पण त्याने पापुद्रा सोलला, काचेवर पाण्याचा थेंब टाकला आणि वरून कव्हरस्लिप सोडली. आत बुडबुड्यांची जत्राच भरली.

"अहो, अशी सोडतात होय!" मामांना राहवलं नाही. त्यांनी ती उचलली, नवी कव्हरस्लिप एका कडेवर टेकवली, दुसरी कड सुईवर तोलून सावकाश खाली आणली. पाणी काचेखाली पसरत गेलं. एक बुडबुडा राहिला नाही.

"सुरेख," आत्या म्हणाली. "शिकलात कुठे?"

"शिकतोय कुठला. चौथीपर्यंतची शाळा माझी. तीस वर्षं बाईंच्या मागे उभा राहून बघितलं. बाटल्यांवरची इंग्रजी नावं काही वाचता येत नाहीत, हात तेवढा बसला."

"ही वाळायला किती वेळ लागेल?"

मामांचा हात तसाच राहिला. "पाण्यातली? तासाभरात," ते म्हणाले, आणि ओला फडका पिळायला लागले. तो आधीच पिळलेला होता.

*

गुरुवारी दुपारी चार वाजता सगळे आतल्या खोलीत जमले. विभागप्रमुख हाताची घडी घालून, नवी मॅडम दाराजवळ, भाऊ भिंतीला टेकून. मामा उभेच राहिले. आत्याने चपटी डबी सात नंबरच्या टेबलावर ठेवून उघडली.

"ही स्लाइड सोमवारी सकाळी सापडली. आज गुरुवार. अजून ओली आहे. सर, पाण्यातली स्लाइड इतकी टिकते?"

"शक्यच नाही." विभागप्रमुखांनी बोट लावून चोळलं. त्यांच्या आठ्या हलल्या. "हे ग्लिसरीन आहे."

"मी परवाच रुमालाला दोनदा पुसलं, तरी बोट बुळबुळीत राहिलं. ग्लिसरीनमधली स्लाइड कित्येक दिवस ओली राहते. म्हणजे ती सोमवारी ठेवलेली असायलाच हवी असं नाही. शनिवारी कुलूप लागण्याआधी ठेवली असेल. मग सोमवारी सातला किल्ली कुणाकडे होती, याला काही अर्थ उरत नाही."

नव्या मॅडमनी दाराची चौकट धरली. "मला कसं सुचलं नाही? पोरांना मीच शिकवते हे!"

"घाबरलं की शिकलेलं आधी पळतं," आत्या म्हणाली. "आता चारही आठवडे एकापुढे एक मांडा. पहिली वाळली, ती पाण्यातली. दुसरीवर पांढरे कण, म्हणजे मीठ. तिसरीला मुंग्या, म्हणजे साखर. चौथी ग्लिसरीन. कांदा तोच, टेबल तेच, मायक्रोस्कोप तोच, शनिवार ते सोमवार एवढाच काळ. बदललं काय? फक्त पाणी. एका वेळी एकच गोष्ट. पुठ्ठ्यावर लिहिलंय तसं."

"म्हणजे कुणी भुताटकी करत नव्हतं?" भाचा म्हणाला.

"कुणीतरी प्रयोग करत होतं. प्रश्न असा: कशातली स्लाइड शनिवारपासून सोमवारपर्यंत ओली राहते?"

"पण याचं उत्तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत आहे," विभागप्रमुख म्हणाले.

"म्हणूनच प्रयोग करणारा तुम्ही नाही, मॅडम नाहीत आणि पोरंही नाहीत. लायब्ररीतल्या माणसाला पुस्तक उघडता आलं असतं, आणि त्यांना काच धरता येत नाही. हा हात असा आहे, की एक बुडबुडा येऊ देत नाही. आणि माहिती अशी, की ग्लिसरीन ठाऊक नाही. असा एकच माणूस इथे आहे. आणि तो कुणाला विचारू शकत नव्हता. विचारलं असतं, तर 'तुला कशाला हवंय' असं समोरून आलं असतं."

कुणी मामांकडे पाहिलं नाही. मामा जमिनीकडे बघत होते.

"आता, हा प्रश्न कुणाला पडेल?" आत्याने आवाज खाली आणला. "ज्याने एखाद्या सोमवारी इथे ओली स्लाइड पाहिली, त्यालाच. सर, तुम्ही आलात तेव्हा टेबल आरशासारखं होतं, मायक्रोस्कोपवर कव्हर होतं. आणि बाईंच्या बोटांत पेन्सिल. वही उघडून आकृती काढणारी बाई मायक्रोस्कोप झाकून काय बघणार? तुमच्या आधी कुणीतरी स्लाइड काढली, धुतली, आणि कव्हर घातलं."

मामांनी डोकं वर केलं.

"मी हाक मारली नव्हती," ते म्हणाले.

भाऊ भिंतीपासून दूर झाला.

"बस चुकेल म्हणून धावत होतो. बाहेरून डोकावलो. कुणी दिसलं नाही. आतलं दार लोटलेलं होतं, ते उघडलं नाही. कुलूप घातलं आणि गेलो. सोमवारी बाई अशा... अंग गार. कधीपासून गार, ते मला काय कळणार? आणि भिंगाखाली स्लाइड ओली! कुणी बघायच्या आत धुऊन टाकली मी ती. पाण्याची स्लाइड तासाभरात वाळते, तीस वर्षं बघतोय. म्हणजे बाई रविवारी होत्या. रविवारी रात्रीही होत्या. अंधारात दार वाजवत होत्या. आणि मी तिकडे नातवाला खांद्यावर घेऊन फिरत होतो." त्यांनी कानावर हात ठेवला. "चार महिने कानात दार वाजतंय. झोपलो की वाजतं. जेवताना वाजतं. मग वाटलं, एकदा बघावं, दुसऱ्या कशात ती ओली राहते का. राहिली, तर बाई शनिवारीच गेल्या असं तरी म्हणता येईल."

"आणि मी?" नव्या मॅडम पुढे आल्या. "माझी चार आठवडे झोप उडाली, मामा. मी वेडी ठरत होते. तुम्ही रोज मला चहा आणून देत होतात!"

मामांनी हात जोडले. "दर सोमवारी ठरवायचो, आता बस. पण उत्तर येईना. तुमच्याकडे बघवत नव्हतं. तरी केलं. ते माझंच पाप."

"सोमवारी तर उत्तर मिळालं," भाचा म्हणाला. "ओली राहिली की."

"राहू शकते, एवढं कळलं, दादा. पण त्या दिवशी बाईंनी तीच बाटली घेतली होती का, हे आता कोण सांगणार?"

"बाई सांगतील," आत्या म्हणाली.

तिने खाकी कव्हरची वही उघडली आणि मामांसमोर धरली.

"बारा चाळीस. वही उघडली की आधी वेळ. त्यानंतर या चार पेशी. पाण्यात ठेवलेली पेशी अशीच काठोकाठ भरलेली राहते, या पहिलीसारखी. ग्लिसरीन पेशीतलं पाणी ओढून घेतं आणि आतला भाग आक्रसत जातो. बरोबर ना, मॅडम?"

"बरोबर." मॅडम वहीवर वाकल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "पाच-सात मिनिटांत कोपरे सुटायला लागतात. दहा-बारा मिनिटांत असा गोळा. त्या एकेक पेशी काढत होत्या, आणि काढेपर्यंत पुढची बदलत होती. दिसेल तेच काढलंय."

"मिठातही आक्रसते," विभागप्रमुख म्हणाले. सवयच ती.

"आक्रसते. पण मिठाची स्लाइड सोमवारपर्यंत वाळून तिच्यावर पांढरे कण येतात. हे मामांनीच दाखवलंय. साखरेला मुंग्या लागतात. मामा, बाईंच्या स्लाइडला कण होते? मुंग्या?"

"नाही. स्वच्छ ओली."

"मग उरलं ते एकच. बाईंनी बारा चाळीसला ग्लिसरीनमध्ये स्लाइड केली. तिसरी पेशी काढून होईपर्यंत बारा-पंधरा मिनिटं गेली. चौथीची चौकट काढली, आणि आत काही नाही. अर्धी आकृती सोडणारी पोरं जिला खपत नव्हती, तिने ही अर्धी सोडली, आणि पेन्सिल हातात तशीच. एक वाजायच्या आत हा हात थांबलाय, मामा. तुम्ही कुलूप घातलंत तेव्हा दार वाजवणारं आत कुणी नव्हतं."

मामांनी त्या चौथ्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग स्टुलावर बसले. त्या खोलीत त्यांना बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे हाक मारली असती तरी..."

"उत्तर आलं नसतं."

"पण मी मारली नव्हती."

"नव्हती," आत्या म्हणाली. "ते मला पुसता येणार नाही."

विभागप्रमुखांनी खिशातून एक लिफाफा काढला, नव्या मॅडमकडे न बघता त्याचे चार तुकडे केले आणि ते पुन्हा खिशात ठेवले. "मी... आपण उद्या बोलू," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

भाऊ मामांसमोर येऊन उभा राहिला. भाचा सावध होऊन अर्धा पुढे सरकला. आत्याने डोळ्यांनी त्याला मागे केलं.

"चौकशीत हाक मारली असं लिहून दिलंत," भाऊ म्हणाला.

"हो."

"ते खोटं आहे."

"हो, साहेब."

"प्राचार्य पाच वाजेपर्यंत असतात." त्याने मामांच्या कोपराला धरून त्यांना उठवलं. पकड घट्ट होती. राग होता की आधार, ते भाच्याला ओळखता आलं नाही. "चला. खरं काय ते लिहून द्या. मी थांबतो तिथे. मलाही त्या रविवारचं कुणाला तरी सांगायचंय."

दोघं व्हरांड्यातून गेले. मामा हळू चालत होते, आणि भाऊ त्यांच्या चालीने चालत होता.